झाडून दिलेलं गाव

ट्रेबनिक नावाचं गाव जमिनीवर नाही. ते जिथे होतं तिथे आता तळं आहे. तळ्याभोवती तारेचं कुंपण आणि 'किनारा खचतो, आत जाऊ नये' अशी पाटी. कोळशासाठी गाव उठवलं चौऱ्याऐंशी साली. अडतीस घरं, एक चर्च आणि एक खानावळ, सगळं खाणीच्या यंत्राच्या तोंडात गेलं. नकाशावरून नाव पुसलं, बसच्या फलकावरून पुसलं, टपालाच्या यादीतूनही काढलं. तरी परवापरवापर्यंत कॉम्प्युटरवर ट्रेबनिकचा पत्ता टाइप केला की गाव उघडायचं. ते उघडं ठेवलं होतं गोर्लीनच्या कचेरीतल्या हाइड्रुन वुट्केने. आणि ते घालवलं तेही हाइड्रुन वुट्केनेच. तिच्याइतकी नीटनेटकी बाई आमच्या भागात दुसरी नव्हती, म्हणूनच ते गेलं.

गोर्लीनची कचेरी नऊ गावांची मिळून एक आहे. गावं नऊ, पण अभिमान नव्वद गावांना पुरेल एवढा. प्रत्येक गावाला स्वतःची वेबसाइट हवी, स्वतःचं डोमेन हवं, माथ्यावर स्वतःचं बोधचिन्ह हवं. शेजाऱ्याचं चिन्ह चुकून दिसलं की फोन वाजलाच. इकडे कचेरीत सर्व्हर एक, वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर एक आणि ते समजणारी हाइड्रुनही एकच. तिने नऊच्या नऊ साइट त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवल्या. घर एक, दारं नऊ. ज्या नावाने हाक येईल ते दार उघडायचं, त्या गावाचं चिन्ह आणि त्या गावाचा रंग दिसायचा. आत स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचं एकच होतं. हे गुपित नव्हतं. पण नऊही सरपंच ते दर वर्षी विसरायचे.

"वुट्केबाई, आमची साइट हळू उघडते," कोल्नोवचा सरपंच डेटलेफ क्राउट्सिग फोनवर म्हणायचा. "ब्रोस्कोची बघा कशी झटकन येते!"

"दोन्ही एकाच मशीनवर आहेत, क्राउट्सिगसाहेब."

"ते मला नका सांगू. आमच्याकडे माणसं जास्त आहेत. वेगही जास्त पाहिजे."

"बघते."

मग ती उठून कॉफी करून आणायची, सावकाश प्यायची आणि त्याला उलट फोन करायची. "आता बघा बरं."

"हां! आता कसं! इतके दिवस काय झालं होतं?"

हाइड्रुनचा एक नियम होता, आणि त्यावर ती कुणाशीही भांडायला तयार असायची. कुठलीही गोष्ट एकदाच लिहायची. कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, पाववाल्याची गाडी चर्चपाशी किती वाजता थांबते, डॉक्टर कधी सुट्टीवर आहे, हे सगळं तिने एका सामायिक फडताळात ठेवलं होतं. गावांच्या पानांवर मजकूर नसायचाच. तिथे असायची फक्त एक खूण, की अमुक मजकूर फडताळातून आणून इथे दाखव. पाववाल्याने मंगळवारचा बुधवार केला की हाइड्रुन एका जागी बुधवार करायची आणि नऊ गावांना बुधवारी ताजा पाव मिळायचा. नऊ गावांत साइट सांभाळणाऱ्या हौशी मंडळींना तिने हे शिकवलं, वर्ग घेऊन शिकवलं. सगळे शिकले, एक क्राउट्सिग सोडून. तो पठ्ठ्या दिसेल ते उचलायचा आणि वाटेल तिथे चिकटवायचा. कोल्नोवच्या साइटवर कचऱ्याचा वार तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी वेगळा.

"साइट आहे की उकिरडा?" ती त्याला तोंडावर म्हणायची.

"असू दे हो. एक हरवलं तर दुसरं सापडतं," तो म्हणायचा.

हाइड्रुन स्वतः कोल्नोवचीच, त्यामुळे तिला जास्तच लाज वाटायची.

सतरा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी तिच्या टेबलापाशी एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. गुरुवार हा लोकांना भेटायचा वार. त्याच्या एका हातात लोणच्याच्या काकड्यांची बरणी होती आणि दुसऱ्या हातात जुन्या कॅलेंडरची पानं. झीगमार नोवोट्निक, ट्रेबनिकचा पोस्टमन. गाव उठल्यावर बहुतेकांना गोर्लीनच्या चौमजली चाळवजा इमारतींत घरं दिली होती, तो तिथेच राहायचा. आजूबाजूच्या पाच गावांत त्याने सायकलवरून टपाल वाटलेलं, त्यामुळे लहानथोर सगळे त्याला झीगमारकाका म्हणत.

"तू कोल्नोवची ना?" त्याने बसायच्या आधीच विचारलं. "माहेरची कोण?"

"पेट्रिक."

"हान्स पेट्रिकची पोर! तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला हिरवं दार आहे?"

"आहे," हाइड्रुन म्हणाली, आणि पुढे काय येणार ते तिला कळलं.

"त्याला पितळी फट आहे बघ, पत्रं टाकायची. ती वर असायला पाहिजे. तुझ्या बापाने दार उलटं बसवलंय, आता फटीतून कोंबड्या बाहेर बघतात. ते माझ्या घराचं दार आहे. नऊ नंबर."

हाइड्रुनचे कान लाल झाले. खाणीची रेघ कोल्नोवच्या दफनभूमीपासून दोनशे मीटरवर थांबली होती. ट्रेबनिक गेलं आणि कोल्नोव राहिलं. ट्रेबनिकची माणसं निघून गेली आणि यंत्रं यायची होती, त्या मधल्या आठवड्यात कोल्नोवकर हातगाड्या घेऊन तिथे गेले. दारं, खिडक्या, कौलं, जे निघेल ते काढून आणलं. नाहीतरी मातीतच जाणार होतं, असं तेव्हा सगळे म्हणत. तिचा बापही म्हणायचा.

"दार परत देऊ का, काका?" तिने विचारलं.

"आणि लावू कशाला? तिसऱ्या मजल्यावर?" म्हातारा हसला. "दार राहू दे. मला हे लिहून ठेवायचंय. तुमच्या नऊ गावांना साइट आहे म्हणे. आमच्या गावाला का नाही?"

कायद्याने पाहिलं तर नाही म्हणायला पाहिजे होतं. जे गाव नाही त्याची वेबसाइट कचेरी कशी चालवणार? पण हाइड्रुनने कुणालाच विचारलं नाही. ट्रेबनिकचं डोमेन तिने स्वतःच्या नावावर घेतलं आणि त्याच घराला दहावं दार पाडलं. आयुष्यात केलेली ही तिची एकमेव बेकायदा गोष्ट. त्या गोष्टीमुळे तिला बरीच वर्षं झोप छान लागायची.

मग दर गुरुवारी झीगमारकाका यायचा. टपाल वाटायच्या क्रमाने त्याने कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर गाव लिहायला घेतलं. कुठल्या घरात कोण राहायचं, कुणाचं कुणाशी पटायचं नाही, कुणाला सैन्यातून पत्रं यायची आणि कधी यायची थांबली, कुणाच्या अंगणात कुठल्या जातीचं सफरचंद होतं. एका घराला कधी दोन गुरुवार लागायचे, कधी दोन महिने. त्याचं अक्षर पोस्टमनचं, म्हणजे दुसऱ्यांची अक्षरं वाचण्यात आयुष्य गेलेलं. हाइड्रुन डोळे बारीक करून ते टाइप करायची, स्वल्पविराम दुरुस्त करायची, तारखा एकसारख्या करायची.

"आणि हे कागद?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं.

"तुमच्याकडे ठेवा."

"कशाला? आता आत आहे ना? एक वस्तू दोन जागी ठेवणारा दोन्हीकडे हरवतो."

हाइड्रुनला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने काकडीची बरणी टेबलावरच उघडली. इतक्या वर्षांत तिच्या नियमाचा माणूस तिला पहिल्यांदा भेटला होता. म्हाताऱ्याची शहराबाहेर एक छोटी बाग होती आणि बागेत एक खोपटं. टाइप झालेले कागद तो तिथे न्यायचा आणि हिवाळ्यात शेगडी पेटवायला वापरायचा.

अडतीस घरांपैकी एकाच घराचा मजकूर टाइप करताना हाइड्रुन थांबली होती, तो नऊ नंबरचा. झीगमारकाकाच्या बायकोने, हानेलोरेने, घर सोडायच्या आदल्या दिवशी सगळ्या खिडक्या धुतल्या. जमीन झाडली, उंबरा पुसला, किल्ली खिळ्याला लावली. 'मी विचारलं, कुणासाठी?' असं त्याने लिहिलं होतं. 'ती म्हणाली, घर झाडून द्यायचं असतं.' आमच्याकडे हा दंडकच आहे. भाड्याची खोली सोडतानाही करारात लिहिलेलं असतं, झाडून द्यावी. ट्रेबनिकची अडतीसही घरं बायकांनी झाडून दिली होती. आठ दिवसांनी यंत्र आलं.

हे सगळे मजकूर हाइड्रुनने ठेवले फडताळात, नियमाप्रमाणे. कारण कचेरीच्या मुख्य साइटवर 'आपल्या भागाचा इतिहास' असं एक पान होतं, तिथेही ते दिसायला हवे होते. ट्रेबनिकच्या पानांवर अडतीस मथळे होते आणि मथळ्यांखाली अडतीस खुणा.

मध्ये एकदा एक प्रकार झाला. डोमेनच्या यादीत फेरफार करताना हाइड्रुनच्या हातून ट्रेबनिकच्या नावात एक टिंब जास्तीचं पडलं. हाक मारलेलं दार सापडलं नाही की हे सॉफ्टवेअर पाहुण्याला यादीतल्या पहिल्या दाराने आत घेतं. आणि यादीत पहिलं होतं कोल्नोव, कारण क्राउट्सिगने हट्टच धरला होता. त्या दिवशी ट्रेबनिकचा पत्ता टाकला की कोल्नोवचं बोधचिन्ह दिसायला लागलं. म्हाताऱ्याची मुलगी कासेलला असते. तिने पाहिलं आणि बापाला फोन केला. दिवस बुधवारचा, आणि बुधवारी कचेरी लोकांना बंद असते. म्हातारा खिडकीच्या काचेवर काठी आपटत उभा राहिला.

"तेव्हा कोळशाने खाल्लं!" तो बाहेरूनच ओरडला. "आता तुम्ही कोल्नोवकर खाता काय? दारं नेलीत ते पुरलं नाही?"

टिंब काढायला दोन मिनिटं लागली. म्हाताऱ्याची समजूत काढायला अर्धा तास लागला. हाइड्रुनने त्याला आत बसवलं आणि कॉफी दिली.

"मी या खुर्चीत आहे तोवर ट्रेबनिक कुठे जात नाही, काका."

"आणि खुर्चीतून उठलीस की?"

"उठायच्या आधी बंदोबस्त करीन."

"कर," तो म्हणाला. "माझं डोकं काही कायमचं टिकायचं नाही."

ते टिकलं नाहीच. दोन वर्षांपूर्वी मुलीने त्याला गोर्लीनच्या वृद्धाश्रमात ठेवलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. मग हळूहळू जुनंही जायला लागलं. सतरा नंबरच्या आधी सोळा की लोहाराचं, असं काहीतरी तो पुटपुटत बसायचा. आता गुरुवारी हाइड्रुन त्याच्याकडे जायला लागली. कचेरी सुटली की टॅब्लेट घेऊन जायची आणि एक घर वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. कधी मध्येच म्हणायचा, "हां, कुत्रं. कुत्रं होतं खरं."

"वाचलंस की गाव जागेवर बसतं," एकदा तो म्हणाला. "तू गेलीस की परत हलायला लागतं."

याच सुमाराला वरून हुकूम आला. नऊ गावांची मिळून एक ग्रामपंचायत होणार, तिला नवं नाव, नवं बोधचिन्ह आणि एकच नवी वेबसाइट. जुनी नऊ डोमेनं वर्षाअखेरीपर्यंत गुंडाळायची. सरपंच महिनाभर एकमेकांच्या उरावर बसले आणि मग थकून गप्प झाले. हाइड्रुनचं निवृत्तीचं वर्षही तेच. नवी साहेबीण आनिका रोडे, वय चौतीस, बोलायला सरळ, कामाला चोख. तिचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकायला हवं.

"नव्या साइटवर फक्त कामाचं न्यायचं, वुट्केबाई," आनिका म्हणाली. "अर्ज, वेळा, ठराव. बाकी इतिहास, फोटो, मेजवान्या, सगळं राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे जाऊ दे. जुनं सगळं पुसायचं. ठरावात नऊ गावांची यादी आहे."

हाइड्रुनने ठराव वाचला. मग पुन्हा वाचला. यादीत नऊ नावं होती. ट्रेबनिकचं नव्हतं. जे गाव अस्तित्वातच नाही ते पुसायचा ठराव कोण करणार?

"यात ट्रेबनिक नाही," ती म्हणाली.

आनिकाने कपाळाला आठ्या घातल्या. "ते काय आहे?"

हाइड्रुनने सांगितलं. आनिकाने ऐकलं, आणि हे तिच्या मोठेपणाला धरूनच झालं, हसली. "जुना सर्व्हर अजून वर्षभर आपलाच आहे. ठरावात नाही, तर मी पाहिलं नाही. ते एकटं राहू दे. पण बाकी सगळं स्वच्छ पाहिजे हं. नंतर तिथे कुणी राहणार नाही बघायला."

त्या गुरुवारी हाइड्रुन जवळजवळ धावतच वृद्धाश्रमात गेली. "काका, राहिलं! नऊच्या नऊ चालली, आपलं राहिलं!"

"कोल्नोवसुद्धा चाललं?"

"कोल्नोवसुद्धा."

म्हातारा इतका हसला की नर्स डोकावून गेली. चाळीस वर्षांत त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटचा आठवडा हाइड्रुनने आवराआवरीत घालवला. टेबलाचे कप्पे रिकामे करून ओल्या फडक्याने पुसले. कुंडीतलं झाड आनिकाला दिलं. मग सर्व्हरवर एकेक गाव काढायला घेतलं. ब्रोस्को गेलं, मग बाकीची, शेवटी कोल्नोव. कोल्नोव पुसताना तिला क्षणभर कसंतरी झालं, पण क्षणभरच. क्राउट्सिगने नेहमीच्या धांदरटपणाने कोल्नोवचा सगळा इतिहास आधीच चार ठिकाणी नेऊन टाकला होता. अग्निशमन मंडळाच्या साइटवर, पुतण्याच्या कॉम्प्युटरवर, मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर, शिवाय नव्या साइटच्या कुठल्याशा कोपऱ्यातही, तेही परवानगी न घेता. हाइड्रुनने कपाळावर हात मारला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला केक होता, वर लोणी-साखरेचा चुरा घातलेला. फुलं होती, भाषण होतं. त्याच्या आधी, दोनच्या सुमाराला, तिने आपलं सामायिक फडताळ पुसलं. नऊ गावं गेली, मग त्यांचे कचऱ्याचे वार कुणाला हवेत? डॉक्टरच्या सुट्ट्या कुणाला हव्यात? फडताळासकट सगळं कचरापेटीत टाकलं. आणि कचरापेटीही रिकामी केली, कारण कुणाला देताना घर झाडून द्यायचं असतं, कचरा कोपऱ्यात लोटून नव्हे.

एवढ्यावर ती थांबली नाही. ती हाइड्रुन होती. तिने ट्रेबनिक उघडून पाहिलं. चिन्ह आलं, अडतीस घरं आली. नऊ नंबर उघडलं, खिडक्या धुणारी हानेलोरे जागेवर होती. तिने समाधानाने किल्ल्या आनिकाच्या हातात ठेवल्या. सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने ताट वाढत नाही, एकदा वाढलेलं ताट झाकून ठेवतं आणि तेच पुढे करतं, हे तिला ठाऊक होतं. वीस वर्षं तिने हेच दुसऱ्यांना शिकवलं होतं. त्या दिवशी केकच्या घाईत तिच्या ध्यानात आलं नाही की आपण पाहतोय ते झाकलेलं ताट आहे, आणि पातेलं आपण मघाशीच घासून ठेवलंय.

निवृत्त झाल्यावर ती बहिणीबरोबर समुद्रावर गेली. तिथून परतली तर ताप आला. वृद्धाश्रमात जायला सहावा आठवडा उजाडला.

"कुठे होतीस?" म्हातारा रागावला होता. "सगळं हललंय. तेरा नंबर वाच."

तिने पत्ता टाकला. चिन्ह आलं. तेरा नंबर उघडलं. मथळा आला, 'घर क्रमांक तेरा'. खाली पांढरं पान होतं. तिने चौदा उघडलं. मथळा, खाली पांढरं. पंधरा, सोळा, एक, अडतीस. खुणा जागच्या जागी होत्या, आणि खुणा जिकडे दाखवत होत्या तिकडे काही नव्हतं. ते कुणी काढलं हे हाइड्रुनला विचार न करताच कळलं.

"वाच ना," म्हातारा म्हणाला.

"आज नेट नाही, काका."

ती कधी खोटं बोलत नसे, त्यामुळे त्याने लगेच विश्वास ठेवला.

बाहेर येऊन तिने फूटपाथवरूनच आनिकाला फोन केला.

"जुन्या प्रती? बॅकअप?"

"तीस दिवसांचे ठेवतात, वुट्केबाई. तुम्हीच ठरवलेलं ना ते. जास्त ठेवले तर अडगळ होते म्हणून."

"आज कितवा दिवस आहे?"

आनिकाने मोजायला वेळ घेतला. "एक्केचाळिसावा. थांबा, मी बॅकअप ठेवणाऱ्यांना फोन करते. विचारून बघते."

आनिकाने खरंच विचारलं. तीन ठिकाणी विचारलं. जगभरातली जुनी पानं जपून ठेवणारी एक साइट आहे, तिथेही शोधलं. तिथे ट्रेबनिकचं फक्त पहिलं पान सापडलं, चिन्ह आणि 'स्वागत' एवढंच. हाइड्रुनने घरचा कॉम्प्युटर उलटापालटा केला. त्यात एक ओळही नव्हती. असणार कशी? एकदा लिहिलेलं ती पुन्हा कुठेच ठेवत नसे. त्या आठवड्यात ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. उकडलेले बटाटे आणि जवसाचं तेल घातलेलं दही ताटलीत तसंच सुकून जायचं.

म्हाताऱ्याला सांगू नका, असं कासेलच्या मुलीने फोनवर बजावलं. "काहीही वाचून दाखवा. बाबांना आता कळत नाही."

पण हाइड्रुनला ते जमणार नव्हतं. पुढच्या गुरुवारी ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि सरळ सांगितलं.

"काका, मी गाव पुसलं."

त्याने कान पुढे केला.

"आवरताना पुसलं. मीच. परत येत नाहीये."

"कोल्नोवचं?"

"कोल्नोवचं आहे. क्राउट्सिगने चार जागी ठेवलं होतं."

बाहेर कुणीतरी जेवणाची ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं.

"तुमचे कागद," हाइड्रुन म्हणाली. तिला उत्तर माहीत होतं, तरी विचारल्यावाचून राहवलं नाही. "एखादा तरी राहिला असेल, काका. खोपटात, कुठे फळीवर?"

"शेगडीत घातले," तो म्हणाला. "तुझ्याकडे होतं ना."

तो ओरडला असता, काठी आपटली असती, तर तिला बरं वाटलं असतं. काचेवर आपटली होती तशी. पण त्याने नुसतं कपाटाकडे बोट केलं.

"वही काढ. लिहून घे. मी सांगतो. नंबर एक."

हाइड्रुनने वही काढली, पेन काढलं. तिने लिहिलं, 'घर क्रमांक एक.' त्याने डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. पायही चादरीखाली हलत होते, सायकल मारावी तसे. मग थांबले.

"कोपऱ्यावरचं," तो म्हणाला. "चुन्याचं... नाही. कोपऱ्यावर... तू सांग. तू टाइप केलंस सगळं. एक नंबरात कोण?"

हाइड्रुनने आठवायचा प्रयत्न केला. तिने अडतीस घरं टाइप केली होती, प्रत्येक ओळ डोळ्यांखालून गेली होती. तिला आठवत होतं की एक नंबरच्या मजकुरात तारखा दोन तऱ्हांनी लिहिल्या होत्या आणि तिने त्या एकसारख्या केल्या. दोन नंबरात स्वल्पविराम नव्हतेच, ते तिने घातले. माणसं आठवत नव्हती. कशी आठवणार? ती आत होती ना सुरक्षित, डोक्यात दुसऱ्यांदा ठेवायची गरजच काय होती? तिने तीन, चार, पाच, सगळी घरं चाचपून पाहिली. मथळा यायचा आणि खाली पांढरं.

"एकच येतंय मला, काका," ती शेवटी म्हणाली. "नऊ नंबर. नऊ नंबरचं दार हिरवं होतं. त्याला पितळी फट होती, पत्रं टाकायची. ते आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. उलटं."

"मग तेच लिही," म्हातारा म्हणाला. "तेवढं तरी लिही."

तिने लिहिलं. तो मान डोलावत ऐकत होता, पेनच्या खरखरीकडे लक्ष लावून. मग त्याने डोळे उघडले आणि अगदी सभ्यपणे, अनोळखी दारात उभा राहून पोस्टमन विचारतो तसं विचारलं,

"आणि नऊ नंबरात कोण राहायचं?"